सीईओवरचा राग आणि सहा हजार शेअर

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५१. महापेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्यांनी अकरा वर्षं काढली आणि २०२० मध्ये ठाण्यात दुसरी नोकरी धरली. कंपनीचे सहा हजार शेअर मात्र अजून त्यांच्या डिमॅट खात्यात आहेत. त्यातले चार हजार ईसॉपमधून (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर देण्याची योजना) २०१८ च्या मध्याला ४० रुपयांनी मिळालेले आणि दोन हजार २०२१ मध्ये बाजारातून २६० रुपयांनी घेतलेले. आज भाव ९२ आहे.

चार वर्षांपूर्वी आलेल्या सीईओने कंपनीची वाट लावली, हे त्यांचं ठाम मत आहे. दर तिमाहीला तो "पुढच्या दोन तिमाहींत फरक दिसेल" म्हणतो. अमेरिकेतली एक छोटी कंपनी त्याने महागात विकत घेतली आणि तिची निम्मी किंमत दोन वर्षांत हिशेबात बुडीत धरावी लागली. त्याचा पगार मात्र वाढला. यंदाच्या ऑनलाइन वार्षिक सभेत ताईंनी बोलण्यासाठी नाव नोंदवलं होतं, त्यांची पाळी आलीच नाही. आता कंपनीने राइट्स इश्यू काढला आहे, म्हणजे सध्याच्या भागधारकांना नवे शेअर देऊ केले आहेत, तीन शेअरमागे एक, ७० रुपयांनी. त्या विचारतात, "चार लाखांची एफडी मोडून राइट्स भरू आणि उरलेल्या पैशांत बाजारातून आणखी घेऊन ॲव्हरेज खाली आणू का? आमचा जुन्या सहकाऱ्यांचा नव्वद जणांचा ग्रुप आहे. या माणसाला हाकलेपर्यंत कुणी विकायचं नाही असं ठरलंय. आपण विकलं तर तो जिंकला."

ताई, तुमच्या पत्राची पहिली दोन पानं सीईओबद्दल आहेत आणि शेवटच्या चार ओळी पैशांबद्दल. मी पैशांपासून सुरुवात करतो, कारण तिथे एक तारीख जवळ येते आहे.

रेकॉर्ड डेटला, म्हणजे हक्क कुणाला मिळणार हे ज्या दिवसाच्या नोंदींवरून ठरतं त्या दिवशी, तुमच्या नावावर सहा हजार शेअर होते, म्हणून तुमच्या डिमॅटमध्ये दोन हजार राइट्सचे हक्क जमा झालेले असतील. कंपनीच्या नावाला ‘आरई’ जोडून वेगळी ओळ दिसेल, ती पाहा. पुष्कळ जण तिला नुसती नोंद समजून सोडून देतात. पण २०२० पासून हे हक्क डिमॅटमध्ये येतात आणि शेअरसारखेच एक्स्चेंजवर विकता येतात. शेअर ९२ ला आणि राइट्सची किंमत ७०, म्हणजे एका हक्काची किंमत कागदावर २२ रुपये. बाजारात थोडी कमी मिळाली तरी दोन हजारांचे चाळीस हजारांच्या आसपास येतील. हक्क भरले नाहीत आणि विकलेही नाहीत, तर इश्यू बंद होताच त्यांची किंमत शून्य होते. विक्री इश्यूच्या शेवटच्या तारखेच्या काही दिवस आधीच बंद होते, आणि ती तारीख ऑफरपत्राच्या पहिल्या पानांवर छापलेली असते. तुमच्या ग्रुपमधल्या नव्वद जणांपैकी किती जणांना हे माहीत आहे, ते विचारा. मला काळजी वाटते ती याची.

माझं मत : राइट्स भरू नका, हक्क विका.

तुम्ही म्हणाल, मग माझा हिस्सा कमी होईल. होईल. आज कंपनीचे नऊ कोटी शेअर आहेत, इश्यूनंतर बारा कोटी होतील. त्या कमी झालेल्या हिश्शाचीच भरपाई म्हणून हक्क विकण्याची सोय आहे. आणि नऊ कोटींत सहा हजार काय किंवा बारा कोटींत सहा हजार काय, कंपनीच्या कारभारावर त्याने काडीचा फरक पडत नाही.

ॲव्हरेजचा हिशेब तुमच्याच पद्धतीने मांडतो. तुमच्या खिशातून गेले ६ लाख ८० हजार, म्हणजे सरासरी ११३ रुपये. राइट्सचे दोन हजार शेअर १ लाख ४० हजारांना, आणि उरलेल्या २ लाख ६० हजारांत बाजारभावाने साधारण २,८०० शेअर. आता सरासरी किती? शंभर रुपये. तेरा रुपयांनी आकडा खाली आणायला तुम्ही चार लाख रुपये आणि घरातली एकमेव अडीअडचणीची ठेव खर्ची घालणार. तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणे, पीएफ सोडून, तुमची सगळी बचत ३१ लाखांची आहे. त्यातला आज १८ टक्के भाग या एका शेअरमध्ये आहे, तो ३२ टक्के होईल. सरासरी भाव फक्त तुमच्या वहीत असतो. बाजाराला आणि कंपनीच्या ग्राहकाला तो ठाऊकही नसतो.

आणि या व्यवहारात एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. ज्या माणसाला तुम्हाला हाकलायचं आहे, त्याच्याच हाती तुम्ही एफडी मोडून पैसे देणार आहात. बाजारातून शेअर घेतला तर पैसे विकणाऱ्याला जातात, राइट्सचे पैसे थेट कंपनीच्या तिजोरीत पडतात. म्हणून ऑफरपत्रातला ‘इश्यूचा उद्देश’ हा भाग तुम्ही पाठवलात तो मी नीट वाचला. पैसे कुठे जाणार? अमेरिकेतल्या त्या उपकंपनीचं कर्ज फेडायला. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकांनी, कंपनीला दिलेलं कर्ज त्यांच्या राइट्सच्या रकमेत वळतं करून घेतलं जाणार, म्हणजे त्यांच्याकडून नवी रोकड जवळजवळ येतच नाही. उरलेलं ‘सर्वसाधारण कामकाजासाठी’. नवं उत्पादन, नवे ग्राहक, विक्रीची माणसं यांच्यासाठी स्वतंत्र आकडा मला दिसला नाही. कर्ज वळतं करणं नियमात बसतं, त्यात बेकायदा काही नाही. पण ताज्या पैशांचा मोठा भार तुमच्यासारख्यांवर पडतो आहे, एवढं लक्षात घ्या.

आता सीईओ. तुमच्या पत्रातल्या तक्रारी खऱ्या आहेत, पण माझ्या दृष्टीने त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. सभेत बोलू न देणं चीड आणणारं आहे, पगारवाढ त्याहून जास्त. तरी मला खरी भीती वाटली ती वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर, आणि तुमच्या पत्रात त्या पानांचा उल्लेखच नाही. ग्राहकांकडची येणी वसूल व्हायला तीन वर्षांपूर्वी ७८ दिवस लागत होते, आता १३१ लागतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की ग्राहक कामावर खूश नाही, किंवा तिमाही साजरी दिसावी म्हणून सवलतीच्या मुदतीवर विक्री दाखवली आहे. दुसरं, ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ २२ कोटींवरून ७४ कोटींवर गेली. म्हणजे इंजिनिअरांच्या पगाराचा मोठा भाग खर्चात न टाकता मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवला जातो आहे. हिशेबाच्या मानकांत याला जागा आहे, पण उत्पादन बाजारात आलं नाही तर हीच रक्कम एके दिवशी तोट्यात उतरते. तिसरं, तीन वर्षांपैकी दोन वर्षं नफा दाखवला गेला आणि कामकाजातून रोकड मात्र आली नाही, उलट गेली. तुम्ही त्या कंपनीत सपोर्टचं काम केलं आहे, तेव्हा ग्राहक पैसे का अडवतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर येतो, तोही मी पाहिला. म्युच्युअल फंडांचा हिस्सा दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ३ वर आला आणि लहान भागधारकांची संख्या वाढली. जाणते निघून गेले आणि त्यांचे शेअर तुमच्यासारख्यांनी घेतले.

ग्रुपवर फिरणारा मायक्रोसॉफ्टचा दाखला तुम्ही पाठवलात. स्टीव्ह बामर यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केली त्या दिवशी शेअर सात टक्क्यांच्या आसपास उसळला, फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला आले आणि पुढचं जगाला माहीत आहे. खरं आहे. पण बामर यांच्या काळात शेअर रेंगाळला तरी कंपनीची विक्री तिपटीहून वाढली होती आणि नफ्याची रोकड वाहत होती. नडेला यांना भरलेली तिजोरी मिळाली. तुमच्या कंपनीच्या नव्या सीईओला १३१ दिवसांची येणी आणि कर्ज मिळेल. आणि सीईओ गेला की भाव चढतोच असंही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये संस्थापकांशी चाललेल्या दीर्घ वादानंतर विशाल सिक्का यांनी इन्फोसिसचं सीईओपद सोडलं, तेव्हा एका दिवसात शेअर जवळपास दहा टक्के पडला. आठवड्याभरात नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि हळूहळू घडी बसली, पण इन्फोसिसकडे तेव्हाही कर्ज नव्हतं आणि ग्राहक टिकून होते. "हा गेला की सगळं सुधारेल" हे गृहीत धरून चार लाख घालायला मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मुळात तो आपोआप आलेला नाही. त्याला संचालक मंडळाने नेमलं, मुदत वाढवून दिली, पगार वाढवला, अमेरिकेतली खरेदी मंजूर केली. प्रवर्तकांकडे ४६ टक्के शेअर आहेत, त्यांच्या मर्जीशिवाय यातलं काही झालेलं नाही. उद्या हा गेला तर पुढचा तेच निवडणार.

तरीही लढायचं असेल तर काय करता येतं? कंपनी कायद्याप्रमाणे विशेष सभेची मागणी करायला भरणा झालेल्या मतदानाच्या भांडवलाचा एक दशांश हिस्सा लागतो. तुमच्या कंपनीत म्हणजे ९० लाख शेअर, आजच्या भावाने जवळपास ८३ कोटी रुपये. तुमच्या ग्रुपकडे मिळून साडेतीन लाख शेअर आहेत, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि दहा टक्के असूनही वाट सोपी नसते. २०२१ मध्ये झी एंटरटेनमेंटमध्ये सुमारे १८ टक्के हिस्सा असलेल्या इन्व्हेस्को या परदेशी गुंतवणूकदाराने एमडींना (व्यवस्थापकीय संचालकांना) हटवण्यासाठी सभेची मागणी केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने इन्व्हेस्कोच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर इन्व्हेस्कोने मागणीच मागे घेतली. सहा महिने, महागडे वकील, आणि सभा झालीच नाही.

यापेक्षा उपयोगाची जागा वेगळी आहे. काही ठराव ‘विशेष’ असतात आणि त्यांना पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूने लागतात. नफा अपुरा असताना कायद्याच्या परिशिष्टातल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार एमडीला द्यायचा तर विशेष ठराव लागतो. तिथे प्रवर्तकांचे ४६ टक्के पुरत नाहीत. आयशर मोटर्समध्ये ऑगस्ट २०२१ च्या सभेत एका विशेष ठरावाला प्रवर्तकांची मतं अशीच अपुरी पडली. प्रवर्तकांकडे जवळपास निम्मे शेअर असूनही एमडींच्या फेरनेमणुकीचा आणि पगाराचा ठराव ७५ टक्क्यांपर्यंत पोचला नाही. मंडळाने पगाराला मर्यादा घालून तो पुन्हा मांडला, तेव्हा मंजूर झाला. तुमच्या सीईओची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे. त्याच्या पगाराचा ठराव येईल तेव्हा नव्वद जणांनी मत द्या. ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. लोक सभेच्या दिवशी जागे होतात, म्हणून हे लिहून ठेवा. ज्या फंडांकडे अजून शेअर आहेत त्यांना पत्रं पाठवा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाने म्युच्युअल फंडांना आता प्रत्येक ठरावावर मत द्यावं लागतं, आणि कोणतं मत का दिलं हे ते दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकतात. मागच्या सभेत त्यांनी काय केलं ते आधी वाचा, मग पत्र लिहा.

या सगळ्यासाठी सहा हजार शेअर लागत नाहीत. शंभर ठेवा. प्रश्न विचारण्याचा हक्क शंभरांनाही तितकाच आहे.

बाकीचे ५,९०० विका असं मी म्हणतो, आणि इथे तुमच्या पत्रातला एक आकडा चुकलेला आहे. तुम्ही लिहिलंय की आज विकलं तर तोटा सव्वा लाखाचा. करासाठी तो तसा नाही. २०१८ मध्ये ईसॉपचे शेअर घेतले त्या दिवशी बाजारभाव २१० होता. २१० आणि ४० यांतला फरक, म्हणजे शेअरमागे १७० रुपये, तेव्हा पगारात धरला गेला आणि त्यावर तुम्ही कर भरला. त्या वर्षीचा फॉर्म १६ काढा, ६ लाख ८० हजारांची ती रक्कम तिथे दिसेल. म्हणून भांडवली नफा-तोट्यासाठी तुमची खरेदी किंमत ४० नव्हे, २१० धरायची. डिमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी विकले असं मानतात. तेव्हा चार हजार ईसॉपचे आणि १,९०० बाजारातले विकले गेले असं धरलं, तर दीर्घ मुदतीचा तोटा ७ लाख ९१ हजारांच्या आसपास येतो.

हा तोटा वाया जात नाही. तो फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, पण आठ वर्षं पुढे नेता येतो. अट एकच, त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे. लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी तुमचे इक्विटी फंड या आठ वर्षांत विकावेच लागणार आहेत. त्यावर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे. पूर्ण वापरता आला तर हा तोटा तुमचा लाखाच्या आत-बाहेर कर वाचवील. तुमच्या यजमानांच्या नावावरच्या फंडांच्या नफ्यातून तो वजा होणार नाही, हे लक्षात असू द्या. आणि राइट्सचे हक्क विकून येणारे चाळीस हजार अल्प मुदतीचे, तेही यातून सुटणार नाहीत.

विक्रीचे ५ लाख ४० हजारांच्या आसपास आणि हक्कांचे चाळीस, असे पावणेसहा लाख हाती येतील. एफडीला हात लावू नका. जूनमध्ये लेकीची दोन लाखांची फी आहे, ती बाजूला काढा. मग गृहकर्ज. तुमचं १४ लाख शिल्लक आहे, ८.६ टक्के दराने, आणखी नऊ वर्षं, हप्ता साधारण १८,७००. यजमान ५४ चे आहेत, साठीला निवृत्त होणार. म्हणजे त्यांचा पगार थांबल्यावरही तीन वर्षं हप्ता चालू राहणार आहे. मला तुमच्या सगळ्या कागदांत सगळ्यात जास्त खुपलं ते हे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत केला आहे. तीन लाख मुद्दलात भरा आणि हप्ता तोच ठेवा. कर्ज अडीच वर्षांहून अधिक लवकर संपेल, निवृत्तीनंतर जेमतेम पाच महिने हप्ते उरतील, आणि व्याजाचे पावणेतीन लाखांच्या आसपास वाचतील. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. बँकेत अर्ज देताना "मुदत कमी करा, हप्ता नको" असं स्पष्ट लिहा, नाहीतर कधी कधी हप्ताच कमी करून देतात. उरलेले सत्तर-पंचाहत्तर हजार तुमच्या चालू इंडेक्स फंडात टाका.

तुम्ही २०२१ मध्ये दोन हजार शेअर घेतले, ते याच सीईओची नेमणूक जाहीर झाली त्या महिन्यात. मोठ्या कंपनीतून माणूस येतोय म्हणून. तुमच्या पत्रात ही तारीख तुम्ही स्वतःच दिली आहे. त्याच्यावरच्या रागात थोडा त्या निर्णयावरचाही राग असावा असं मला वाटतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा उपलब्ध माहितीवर तो निर्णय चुकीचा नव्हता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत आयुष्याची पंधरा-वीस वर्षं घालवलेली माणसं मला नेहमी भेटतात. घणसोली स्टेशनला उतरून शेअर रिक्षाने ऑफिस गाठलेलं असतं, दिवाळीला डेस्कवर पणत्या लावलेल्या असतात. ते शेअर त्यांना नुसते शेअर वाटत नाहीत, आणि मी त्यांना तसं समजावतही नाही. तुम्ही शंभर ठेवाच.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. तुमच्या ग्रुपमध्ये तिघे अजून त्या कंपनीत नोकरीला आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, आणि "आतून कळलंय की या तिमाहीचे आकडे बरे आहेत" असंही. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत, जाहीर न झालेली आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती ज्याच्या हाती आहे तो प्रत्येक जण ‘आतला’ धरला जातो, मग त्याला नोकरी सोडून कितीही वर्षं झालेली असोत. ऐकलेली बातमी चांगली असली काय किंवा वाईट, ती हाती असताना खरेदी नको आणि विक्रीही नको. त्या तिघांना ग्रुपवर आकडे टाकणं आजपासून बंद करायला सांगा. हक्कांसकट काहीही विकण्याआधी तो निरोप नेमका कधीचा आणि काय होता ते मला फोनवर सांगा. त्यात खरोखर आकडे असतील तर ५,९०० शेअरची विक्री तिमाहीचे निकाल जाहीर झाल्यावर करू, आणि हक्कांचं काय करायचं ते कंपनी-कायद्याच्या जाणकाराला विचारून एका दिवसात ठरवू. हक्क विकण्याची शेवटची तारीख थांबणार नाही, म्हणून फोन आजच करा.